नीलव्वाच्या फोनमधला ऐकणारा

गदगच्या स्टेशन रस्त्यावर कोट्रेश मुंडरगीचं फोन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन झेरॉक्सवाल्यांच्या मध्ये उरलेली फट. एक टेबल, एक खुर्ची, भिंगाचा दिवा आणि मागे बंद पडलेल्या फोनांनी भरलेले दोन खण. बापाने रेडिओ दुरुस्त केले, याने फोन. हात इतका बसलेला की बोलता बोलता काच बदलून द्यायचा. पण बोलायचाच कमी. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मान भिंगावरून वर यायची नाही, आणि सांगायचं ते तीन-चार शब्दांत. लोकांना त्याचं कौतुकच वाटायचं. कमी बोलणारा माणूस नेमकं बोलत असणार, असा आपला सगळ्यांचा समज असतो.

त्या तीन-चार शब्दांतलेच काही शब्द पुढे त्याच्या मानगुटीवर बसले.

समोरच्या बोळात नीलव्वाची खानावळ होती. नवरा गेल्यावर तिने ती एकटीने उभी केलेली. जेवायला बहुतेक नर्सिंग शिकणाऱ्या मुली. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि वर नीलव्वाची बोलणी. "एका भाकरीवर उठतेस होय गं? उद्या तू रोग्याला उचलणार की रोगी तुला?" पोरी हसायच्या आणि दुसरी भाकरी घ्यायच्या. कुणाला घराची आठवण यायची, कुणी पेपरात नापास झालेली असायची, कुणी वॉर्डात पहिल्यांदा माणूस मरताना पाहिलेला असायचा. सगळ्या तिच्या चुलीपाशी येऊन बसायच्या आणि आईला न सांगितलेलं तिला सांगायच्या. ती भाकरी थापत ऐकायची. तिथून बाहेर काही जायचं नाही.

एके सकाळी ती पिठाच्या हातानेच फोन घेऊन दुकानात आली.

"तम्मा," ती म्हणाली. वयाने लहान पुरुषांना ती तशीच हाक मारायची, धाकटा भाऊ समजून. "हा फोन रोज काहीतरी मागतोय बघ. अपडेट करा म्हणतोय. करू काय?"

"नको. फोन स्लो होतो. 'नंतर' दाब."

"रोज विचारतोय की."

"रोज दाब."

कोट्रेश खोटं बोलला नव्हता. अपडेट टाकल्यावर फोन मंद झाला, जागा भरली, अशी तक्रार घेऊन आलेली माणसं त्याने पाहिली होती. बाजारातला प्रत्येक दुरुस्तीवाला हेच सांगायचा. फोन बनवणारी कंपनी महिन्या-दोन महिन्यांनी हे का पाठवते, याचा विचार त्याने कधी केला नव्हता. नीलव्वाने मात्र त्याचं म्हणणं देवाच्या कामासारखं पाळलं. दुकानावरून जाताना एकदा हसत सांगून गेली, "सकाळी दिवा लावते, कपाळाला विभूती लावते, आणि तुझं ते 'नंतर' दाबते."

पुढे पाच-सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. फोन नुसता पडून असला तरी गरम होतो, म्हणाली. सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या पंगतीआधी संपते. आणि वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका मध्येच पेटतो, मग विझतो.

"बॅटरी जुनी झाली," कोट्रेशने मान वर न करता सांगितलं. "बदलून देतो."

"आणि ते अपडेट? त्याने काही—"

"त्याच्या नादाला लागू नको अक्का. सांगितलं ना."

त्याने बॅटरी बदलली. ती गेली.

महिनाभरात मुलींच्या फोनवर निरोप यायला लागले. नीलव्वाच्याच नंबरावरून, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. तुझं अमुक मला माहीत आहे, तुझे फोटो पाठव, नाहीतर घरी कळवतो. मुली आधी एकमेकींशीसुद्धा बोलल्या नाहीत. वीणा नावाची रोणकडची एक धीट मुलगी होती, तिने उलट शिवी लिहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाच्या फोनवर एक आवाज पोचला. वीणाचाच आवाज. एका मुलाबद्दल ती बोलत होती, जे ती आयुष्यात एकदाच, एकाच ठिकाणी बोलली होती. मागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

बाप आला, मुलीची ट्रंक उचलली आणि तिला घेऊन गेला. वीणाचं शिक्षण तिथेच तुटलं. मग एकेक करत सगळ्यांचे आईबाप आले. आठवड्यात पंगतीत कुणी उरलं नाही. नीलव्वा दारात उभी राहून येईल त्याला सांगायची, "मी नाही पाठवलं. शपथ, मी नाही." ऐकणारे मान हलवायचे आणि निघून जायचे. आवाज तिच्या स्वयंपाकघरातला, नंबर तिचा. आणखी काय पाहिजे?

त्यानंतर तिचं वागणं बदललं. मोठ्या गळ्याची बाई कुजबुजायला लागली. फोन फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवायची, आणि कुणी भेटायला गेलं तर ओठांवर बोट ठेवायची. "हळू. तो ऐकतोय." शेजारणी म्हणाल्या, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. शेवटी डंबळच्या पुढच्या गावाहून तिचा भाऊ फकीरप्पा आला, खानावळीला कुलूप लावलं आणि तिला माहेरी घेऊन गेला. जाताना फोन कोट्रेशच्या टेबलावर ठेवला.

"आत कुणी बसलाय म्हणते," तो म्हणाला. "तू बघ. काही नसलं तर तसं सांग, म्हणजे तिला डॉक्टरकडे न्यायला बरं."

दुपारची वेळ होती, रस्ता ओस. कोट्रेशने फोन सुरू केला आणि सेटिंगमध्ये शिरला. सगळ्यात खाली, फोनविषयी माहितीच्या पानावर, एक तारीख असते. सुरक्षेची शेवटची दुरुस्ती कधीची, हे सांगणारी. ती तारीख वर्षभरापूर्वीची होती. मग त्याला एक ॲप दिसलं. नाव नाही, चित्र नाही, यादीत नुसती कोरी जागा. माइक वापरायची परवानगी त्याला होती, कॅमेऱ्याची होती, निरोप वाचायची आणि पाठवायचीही होती. माइक चालू झाला की पेटणारा तो हिरवा ठिपका याचाच. ते आलं कुठून, हे शोधायला त्याला दोन दिवस लागले. कुणीतरी पाठवलेला एक सणाचा फोटो नीलव्वाने नुसता उघडून पाहिला होता. तिच्या फोनमध्ये एक भोक होतं आणि त्यातून ते आत शिरलं. ते भोक आधीच ठाऊक झालेलं होतं. कंपनीने ते बुजवून पाठवलंही होतं. तो फोटो यायच्या कितीतरी आधी ती दुरुस्ती फोनच्या दाराशी येऊन रोज विचारत होती, आत येऊ का.

आणि रोज तिला 'नंतर' सांगितलं जात होतं.

फोनच्या पोटात आवाजाच्या फाइली साठल्या होत्या, अजून पुढे पाठवायच्या राहिलेल्या. कोट्रेशने कानाला हेडफोन लावला. परातीचा आवाज. भांडी. कुणीतरी मुलगी रडतेय, नीलव्वा म्हणतेय, "रड. इथे कोण ऐकतंय?" त्याने ती फाइल बंद केली. दुसरी लावली. रस्त्याची गर्दी, रिक्षाचा भोंगा, स्क्रू पडल्याचा बारीक आवाज. मग एका पुरुषाचा आवाज, कंटाळलेला.

"त्याच्या नादाला लागू नको अक्का. सांगितलं ना."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ठेवल्यावरही तो आवाज येतच राहिला असं त्याला वाटलं. मागच्या खणांत पन्नास-साठ फोन निपचित पडले होते, काळ्या काचा वर करून. इतकी वर्षं तो त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. त्या दिवशी त्याने खुर्ची फिरवली आणि भिंतीला पाठ लावून बसला.

घरी जेवताना तो गप्प होता. बायको पुष्पावतीला नवल वाटलं नाही, तो नेहमीच गप्प असायचा. पण ती काही विचारायला लागली तसं त्याने खिशातला फोन काढून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला आणि दार लोटून घेतलं.

"काय झालंय?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. सगळं, स्वतःच्या आवाजासकट.

पुष्पावतीने ताटातला हात थांबवला. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग पुसून टाकता येतं ते."

"येतं."

तिने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "पण ती बाई वेडी ठरेल."

दुसऱ्या दिवशी कोट्रेश तो फोन जसाच्या तसा घेऊन पोलिसांच्या सायबर विभागात गेला. काही पुसलं नाही, काही बदललं नाही. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं उतरवून घेतलं. त्या फाइलीपाशी त्याने आपण होऊन सांगितलं, "हा माझा आवाज. अपडेट करू नको म्हणून मीच सांगितलं होतं." बाईंनी वर पाहिलं, तेही लिहून घेतलं. निरोप नीलव्वाने पाठवलेले नाहीत असा कागद पंधरवड्याने मिळाला. पाठवणारा कोण, कुठल्या गावचा, कुठल्या देशाचा, हे कळलं नाही. आजतागायत नाही.

तो कागद आणि फोन घेऊन कोट्रेश बसने डंबळच्या पुढे गेला. नीलव्वा अंगणात मिरच्यांची देठं काढत बसली होती. वाळली होती. त्याने कागद वाचून दाखवला. फकीरप्पा मध्येच उठून आत गेला आणि डोळे पुसून आला. नीलव्वा नुसती ऐकत होती.

"म्हणजे होता," ती हळूच म्हणाली. "मी खरं बोलत होते."

"होता, अक्का. आणि त्याला दार मी उघडं ठेवायला लावलं." मग त्याने तिला सगळं समजावलं. फोन म्हणजे घर, घराच्या भिंतीत रोज कुठे ना कुठे नवं भोक सापडतं, चोरालाही सापडतं, बनवणाऱ्यालाही. बनवणारा गिलावा पाठवतो. तो लावायचा. आपण लावला नाही तर भोक कुठे आहे हे आता साऱ्या चोरांना ठाऊक झालेलं असतं.

"तू तेव्हा अपडेट नको म्हणालास," नीलव्वा म्हणाली. "मी केलं नाही. आज कर म्हणतोस. कुठल्या वेळी तू बरोबर, ते मी कसं ओळखायचं, तम्मा?"

कोट्रेशने फोन तिच्या हातात दिला. म्हणाला, "माझ्यावर विसंबू नको. तूच शिक. मी फक्त शेजारी बसतो."

पोलिसांनी हवं ते घेतलेलं होतं, त्यामुळे फोन आधी पार कोरा केला. मग तिच्याच बोटाने सगळं करवलं. चार्जर लावून ठेव, बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू दे. फकीरप्पाच्या मुलीच्या घरी वायफाय होतं, ते जोडलं. नंबर आणि फोटो असतील ते आधी दुसरीकडे उतरवून ठेवायचे, हे सांगितलं. तिच्याकडे उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सेटिंग. खाली सरक. सॉफ्टवेअर अपडेट. डाउनलोड. आता इन्स्टॉल.

पडदा काळा झाला. नीलव्वाने हात मागे घेतला.

"मेला काय?"

"नाही. बंद होऊन पुन्हा उठतो. अर्धा तासही लागतो. मध्ये बटण दाबायचं नाही, चार्जर काढायचा नाही."

दोघं त्या काळ्या काचेकडे बघत बसली. फोन उठला, पुन्हा आणखी एक दुरुस्ती मागितली. इतक्या साठल्या होत्या. तिसऱ्या खेपेला नवी तारीख दिसली. नीलव्वाने ती मोठ्याने वाचली आणि लगेच आवाज खाली आणला. सवय सुटली नव्हती.

खानावळ पुन्हा सुरू झाली नाही. कागद दाखवायला कोट्रेश वीणाच्या घरीही गेला होता. बापाने कागद वाचला, पाणी दिलं, आणि मुलीचं लग्न ठरलंय एवढंच सांगितलं. आता दुकानात कुणीही आलं, नुसता चार्जर मागायला आलं तरी, कोट्रेश मान वर करून म्हणतो, "तारीख दाखवा." नको म्हणणाऱ्याला तो सोडत नाही. कुणी चेष्टेने त्याला तारीखवाला म्हणतात. "बायकोची जन्मतारीख तरी आठवते काय रे?" तो हसत नाही. एक-दोघांनी फोन मंद झाला म्हणून भांडणही काढलं. त्याने ऐकून घेतलं, जागा रिकामी करून दिली आणि काम पुढे चालू ठेवलं.

दोन वर्षांनी त्याला नीलव्वाच्या भाचीचा फोन आला. तारीख पुढे सरकत नाही, आत्या बोलावते आहे. तो गेला. जे वाटलं होतं तेच होतं. कंपनीने त्या मॉडेलकडे बघणं सोडलं होतं.

"आता याला गिलावा येणार नाही," त्याने सांगितलं. "बँक, निरोप, फोटो, काही यात ठेवू नको. दुसरा घे, पण घेताना विचार, किती वर्षं अपडेट देणार. हा मी कोरा करून देतो."

अंगणात, तिच्या देखत त्याने फोन पुसला. पडद्यावर पहिल्या दिवसासारखं स्वागत उमटलं. नीलव्वाने फोन हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"तो गेला यातून?"

"मागेच गेला, अक्का."

"आणि ऐकलेलं?" तिने विचारलं. "पोरी जे बोलल्या माझ्याजवळ, ते तो घेऊन गेला ना. ते कुठे असेल आता?"

फाट्यावर बसचा भोंगा वाजला. फकीरप्पा म्हणाला, बस चुकेल, निघा. कोट्रेश उठला नाही. तो नीलव्वाच्या शेजारी बसून राहिला.