दिगूच्या गणपतीला रंग लागेना

आधीच सांगतो, भूत, चकवा, देवचार असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्याकडे प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी उभं असतं म्हणे... मला आजवर एसटीची वाट बघणाऱ्यांशिवाय कोणी दिसलेलं नाही. त्यामुळे "हा पण त्यातलाच" म्हणू नका. मी वैतागून लिहितोय. गेल्या चतुर्थीपासून जो भेटेल तो मला दिगूच्या गणपतीबद्दलच विचारतो, आणि प्रत्येकाने ऐकलेली गोष्ट वेगळी असते. म्हणून काय ते एकदाच सांगून टाकतो.

मालवणहून आत आलात की कट्टा गाव लागतं. तिथे बाजाराच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. पुढच्या भागात माझी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, मागच्या भागात रफीकभाई. ते बाइकच्या टाक्या, हेल्मेटं आणि होड्यांच्या नावांच्या पाट्या रंगवतात. एअरब्रश दोघांकडे, पण कॉम्प्रेसर एकच. त्याला दोन पाइप जोडलेत, एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. मशीन बंद पडलं की दोघांचीही हवा जाते आणि दोघेही एकदमच शिव्या घालतो. इतकी वर्षं आमचं हे असंच सुखाने चाललंय.

आता आमच्याकडची पद्धत. लोक चतुर्थीच्या बरंच आधी घरातला पाट शाळेत आणून देतात आणि मूर्ती त्याच पाटावर घडते. दुसरं म्हणजे, भाऊ मुंबईला असोत की गोव्याला, चुली वेगळ्या असोत की तोंडं फिरलेली असोत, गणपती एकच, मूळ घरात. वेगळा गणपती आणला म्हणजे घर खरंच फुटलं असं समजायचं.

आणि गेल्या वर्षी दिगू कोरा पाट घेऊन आला!

दिगू म्हणजे पलीकडच्या वाडीतल्या शेवंताकाकीचा धाकटा. गोव्यात नोकरीला असतो. थोरला बाबी गावातच, भात आणि काजू बघतो. आदल्या वर्षी दिगूने आरतीचं ताट उचललं, तर बाबी सगळ्यांसमोर म्हणाला, "पाव्हण्यांनी मागे रवाचा." बस. एवढंच. पण ते याला जे लागलं ते लागलं. बाजूला दोन खोल्या बांधल्या होत्याच, आता त्यात स्वतःचा गणपती.

"विलासदा, बाबीच्या गणपतीक जसो रंग, तसोच माझ्याक होयो," दिगूने मला बजावलं. "ब्रश नको हां. एअरब्रशचो. तेच्यापेक्षा कमी दिसता नये."

"बरा," म्हटलं. माझं काय जातंय? मी मूर्तिकार, पंचायतीचा सरपंच नव्हे.

मूर्ती झाली, वाळली, पांढरा हात मारला. अंगाचा रंग भरायला गन धरली, ट्रिगर दाबला आणि कॉम्प्रेसर घर्र करून बंद. वाटलं, लाइट गेली. तर डोक्यावर पंखा फिरतोय. गन शेजारच्या गणपतीवर धरली, मशीन चालू. पुन्हा दिगूच्या मूर्तीवर आणली... बंद.

पावसाळ्यात हवेत पाणी असतं, ते टाकीत साचतं. टाकी रिकामी केली. पाइप बदलला. सुई काढून धुतली. बाजारातल्या वायरमनला बोलावलं, त्याने व्होल्टेजला दोष दिला आणि चहा पिऊन गेला. मूर्ती उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. मशीनच उचलून दाराशी आणलं. बाकीच्या सगळ्या गणपतींना भुर्रकन रंग लागतोय, आणि हा एकटा पांढराफटक! कामाच्या ऐन घाईत माझा जीव त्या एका मूर्तीने खाल्ला. शेवटी शेवटी तर मागून रफीकभाई न बघताच ओरडायचे, "परत तोच गणपती धरलंस काय रे? माझी टाकी अर्धी रवली मेल्या!"

मी म्हणायचो, "शिरा पडो ह्या मशीनीर!"

या सगळ्यात शेवंताकाकी अधूनमधून यायची. पायरीवर बसायची, पदराने तोंड पुसायची, आत बघायची. "लागलो काय रे रंग?" एवढंच विचारायची. मी "नाय" म्हटलं की उठून जायची. मला तिचा संशय आला, खोटं कशाला सांगू? पण ती पायरी सोडून आत कधी आली नाही, आणि ती नसली तरी मशीन बंद पडायचंच.

हरतालिकेच्या दिवशी दुपारपर्यंत शाळा निम्मी रिकामी झाली होती. लोक गणपती डोक्यावर घेऊन चालले होते. बाबीचा तयार होता, झाकून ठेवलेला. दिगू आला आणि आपला पांढरा गणपती बघून भडकलाच.

"बाबीन सांगल्यान काय तुका, रंगव नको म्हणान?"

माझं डोकं फिरलं. "घे! तूच दाब!" म्हणून गन त्याच्या हातात दिली. त्याने दाबली. बंद. मी हात धरून गन बाजूच्या मूर्तीकडे वळवली. चालू. पुन्हा त्याच्या मूर्तीवर. बंद. त्याने हे इतक्या वेळा केलं की शेजारच्या गणपतीच्या पोटावर रंगाचा थर चढला. तो कोणी निस्तरायचा? मीच.

"ब्रशाने करतो," मी म्हटलं. "दोन तास दे."

नाइलाजाने तो हो म्हणाला. मी ब्रश हातात घेतोय तोच पायरीवरून काकी बोलली.

"विलासा, रागाव नको हां बाबा. मशीन कशाक बंद पडता ता माका कळणा नाय. पण मी रवळनाथाक गाऱ्हाणा घातलंय. ह्या गणपतीक रंग चढा नको म्हणान."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, रवळनाथ आमचा ग्रामदेव, आणि गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून आपलं म्हणणं मोठ्याने मांडायचं. आमच्याकडे सगळं तिथेच मांडतात. पण माझा कॉम्प्रेसर?

"अगो काकी!" मी ओरडलोच. "गाऱ्हाणा घालूचाच होता तर ह्या दोघांची तोंडा बंद होवंदेत म्हणान घालूचा! माझ्या मशीनीन काय केल्यान तुझा?"

"ता घालून झाला रे," काकी शांतपणे म्हणाली. "किती वर्सां घालतंय. ता काय लागणा नाय."

मागे रफीकभाई फसकन हसले आणि मग गप्प झाले. कारण काकी रडत होती.

"दिगू, तुका आणूचो तर आण बाबा," ती म्हणाली. "पण उद्या आरतेक मी खंय रवतलंय, ता सांग. ह्या दारात रवलंय तर तो रागावतलो. त्या दारात रवलंय तर तू. दोन झिलांची आवस मी, आणि चवथीक रस्त्यार बसू काय?"

दिगू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कान लाल झालेले. मला तर हातातला ब्रश कुठे ठेवू कळेना.

तेवढ्यात बाबी आला. एकटाच. भावाला बघून त्याचं तोंड वाकडं झालं, पण गणपती न्यायलाच हवा होता. पाटासकट मूर्ती डोक्यावर चढवायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. एरवी मी देतो. माझे हात रंगाने बरबटलेले होते, आणि खरं सांगू, मी मुद्दामच पुसले नाहीत. बाबी खाली बसून राहिला. शेवटी दिगू पुढे आला, एक बाजू धरली, उचललं. बाहेर पाऊस पडत होता. दिगूने छत्री उघडली आणि गणपतीवर धरली. भाऊ भिजत होता, त्याच्यावर नाही. गणपतीवरच. आणि तसाच त्याच्या बाजूने चालू लागला. मागून काकी.

ती तिघं वळणापर्यंत गेली असतील-नसतील, मी गन उचलली. का उचलली? सवय, वैताग, काय म्हणाल ते. दिगूच्या मूर्तीवर धरून दाबली.

पहिल्याच दाबात रंग आला. गुळगुळीत, एकसारखा. कॉम्प्रेसर असा ठणठणीत सुरू झाला की पत्रे थरथरले.

मागून रफीकभाई धावत आले. "बंद कर ता! बंद कर! आवाज दिगूच्या कानार गेलो तर परत येतलो तो, गणपती नेवक!"

मी अक्षरशः उडी मारून पिन उपटली.

दिगू परत आला नाही. बाबीच्या घरात आरती एकत्र झाली असं ऐकलं, कोण कोणाशी बोललं ते मी विचारलं नाही. ती मूर्ती मी नंतर पाण्यात विरघळवली. मशीन आजतागायत पुन्हा तसं बंद पडलेलं नाही. पाणी, व्होल्टेज, सुई, सगळी कारणं मला लोकांनी सांगून झालीत. पण टाकीतल्या पाण्याला दिगूचा गणपती कसा ओळखू आला, हे एकानेही सांगितलेलं नाही. मलाही माहीत नाही. आणि हल्ली लोक शाळेत येतात, गणपती बघायच्या आधी कॉम्प्रेसरला हात जोडतात, एकीने तर त्याच्यापुढे नारळ ठेवला... रफीकभाई म्हणतात, असूंदे. त्यांचं काय जातंय! मी मात्र इतके दिवस ते मशीन चालत नाही म्हणून रडलो, आणि चाललं तेव्हा मीच पिन उपटून ते बंद केलं, आवाज दिगूच्या कानावर जाईल म्हणून.