रातांधळेपणाचं उत्तर

अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. आम्ही दोघंही नोकरभरतीच्या एकाच परीक्षेला निघालो होतो. तिच्या मांडीवर सामान्य विज्ञानाचं पुस्तक होतं. ती प्रश्न वाचायची, उत्तर तळव्याने झाकायची, डोळे मिटून पुटपुटायची आणि मग हात काढून पाहायची. बरोबर आलं की स्वतःशीच मान हलवायची.

वाचून तिला गाडी लागायला लागली तेव्हा तिने पुस्तक माझ्याकडे दिलं. "आता तुम्हीच विचारा, भाऊ."

मी विचारलं, "अ जीवनसत्त्व कमी पडलं तर काय होतं?"

ती अहिराणीत म्हणाली, "मनी मायले सांजले दिसे ना. आई संध्याकाळी चुलीजवळ चाचपडायची. गावात सगळे बाहेरचं म्हणायचे, अंगारे लावायचे. मग मी हे पान वाचलं आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं."

"मग?"

"आते बठ्ठं दिसस तीले, सगळं सगळं." ती हसली. "नोकरी लागो ना लागो, मनं वाचनं वाया गयं नही."

मला 'रातांधळेपणा' हे उत्तर तोंडपाठ होतं. पण तो आजार कुणाला तरी होत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

ती पुन्हा कधी भेटली नाही. मी पुढे शिक्षक झालो. जीवनसत्त्वांचा तक्ता फळ्यावर लिहिला की मुलं लगेच घोकायला लागतात. मी त्यांना थांबवतो आणि विचारतो, "तुमच्या घरी अंधार पडल्यावर कुणी चाचपडतं का?"

बहुतेकदा मुलं नकारार्थी माना हलवतात. एका वर्षी मागच्या बाकावरून एक हात हळूच वर आला.