भिंतीआडचा पूल

लवंगेचा वास आला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. लग्नाच्या दहाव्या वर्षी नवऱ्याबरोबर लवंगा पिकणाऱ्या एका ज्वालामुखीच्या बेटावर जायचं म्हणून मी एक वही भरली होती: हलाल जेवण कुठं मिळतं, नमाजाला जागा कुठं आहे आणि चारी बाजूंनी भिंत असलेला पोहायचा पूल कुठल्या हॉटेलात आहे. लहानपणी मुरगूडला मामांच्या विहिरीत मी सूर मारायचे. न्हातीधुती झाले आणि ते बंद झालं. त्या भिंतीआड पुन्हा पोहायचंय, हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "औंदा रजा मिळंना." पुढच्याच महिन्यात दिराचं लग्न झालं आणि ती दोघं तिथंच जाऊन आली. माझ्या हातात तिथल्या लवंगांची पुडी ठेवत दीर म्हणाला, "भाभी, तुमची वही लई कामाला आली." मी नवऱ्याकडं पाहिलं. "घरातच दिली की," तो म्हणाला, "बाहेर कुणाला दिली व्हय?" जावेनं फोटो दाखवला. तोच पूल, तीच भिंत आणि काठावर पाय सोडून बसलेली ती. "मला कुठं पवायला येतंय!" ती हसली. परवा नवरा आपणहून म्हणाला, "आता जाऊया की आपण." मी म्हटलं, मला पोहायला येत नाही.