बाबांनी ऐकलेले घोडे

काल नागपुरात मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलीने टीव्हीवर राजाराणीचा जुना सिनेमा लावला. व्हायोलिनं सुरू झाली आणि माझा भाजी चिरणारा हात थांबला.

खूप वर्षांपूर्वी हाच सिनेमा बघायला मी बाबांना कामठीहून बसने नागपूरला आणलं होतं. पॉवरलूमच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले होते. "काहून नेऊन राहिली वं त्यायले?" आई म्हणाली होती. "काय ऐकू येणार?"

पडद्यावर धुकं होतं आणि राणी एकटीच वाट पाहत उभी होती. व्हायोलिनांच्या खालून नगारे हळूहळू चढू लागले. बाबांनी चपला काढून तळपाय थरथरत्या फरशीवर टेकवले.

"थांब वं," ते मोठ्यांदा म्हणाले, "घोडे येऊन राहिले!"

पुढचे लोक वळून बघू लागले. आणि धुकं फाडून राजाचे घोडे खरंच आले. तेव्हा मला ती जादू वाटली. आता वाटतं, ते संगीत त्या थिएटरात बाबांइतकं कुणीच ऐकलं नसेल.

घरी आल्यावर आईने खुणेनं विचारलं, काही ऐकू आलं का?

बाबांनी तिचा तळहात उचलून आपल्या छातीवर ठेवला. "घे, अजून वाजून राहिलं."