स्टीलची नळी

सरांना शवपेटीत ठेवलं तेव्हा त्यांची स्टीलची नळी माझ्या खिशात होती आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ती घरभर शोधत होत्या.

नळी मीच केलेली. सुप्याच्या कारखान्यात मी लेथवर असतो. सर मला गिटार शिकवायचे. स्वतः ब्लूज वाजवायचे, काळ्या अमेरिकनांची दुःखाची गाणी, डाव्या करंगळीत नळी घालून ती तारांवरून सरकवत. तार अशी रडायची की लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाले त्यांना दुसऱ्यांदा बोलवायचे नाहीत. श्रीगोंद्याची एसटी चुकली, त्यावरही त्यांनी एक ब्लूज रचला होता! माझ्या पहिल्या तीन नळ्या त्यांनी खिडकीबाहेर भिरकावल्या. "गिटारला केलीस का बोअरला?" चौथी बोटात घातली, ती शेवटपर्यंत वापरली.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. नळी टेबलावर होती. उचलली आणि खिशात टाकली. मला ती हवी होती, दुसरं काही कारण नाही.

काकूंनी पेटीत बायबल ठेवलं, चष्मा ठेवला आणि टेबलाकडे वळल्या.

"नळी कुठं गेली? काल हितंच हुती."

पेटीत गेली की मातीत जाणार. काकूंनी उशा उचलून पाहिल्या, गिटारची पेटी उलटी केली. पाळकसाहेब घड्याळ बघायला लागले. कबरस्तानात माणसं ताटकळली होती. काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू बघितलीस का रे?"

मी खिशातली नळी मुठीत आवळली.

"नाही काकू."

पेटीचं झाकण बसवलं. स्क्रू आवळायलाही मीच पुढे झालो. लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो, तर सगळे ड्रॉवर जमिनीवर काढलेले.

"काय शोधताय?"

"नळीच की."

"आता कशाला काकू? सर तर गेले."

"अरे, तुलाच द्यायची हुती ती. पेटी बंद करायच्या आधी, सगळ्यांच्या देखत त्या पोराच्या बोटात घाल, असं बजावलं हुतं त्यांनी मला. आधी सांगू नको म्हणाले, लई शेफारंल."

नळी तेव्हाही माझ्या खिशात होती. बाहेर काढायला दोन बोटं पुरली असती. काकू पलंगाखाली वाकून बघत होत्या, त्यांचा गुडघा दुखत होता. मी त्यांना बाजूला बसवलं आणि पलंगाखाली शिरून नळी शोधायला लागलो.