वहिनीनं ओ दिली नाही

नाही, मले तुमचा अंतराळाचा पिक्चर आवडला नाही. काल नातीनं मोबाईलवर दाखवला. सोबतची बाई बाहेर असताना यानाचा दरवाजा लावून घेतला, अन् म्हणे बाकीचे वाचले. मी म्हटलं, "असे लोक आमच्या दरेकसाच्या जंगलातबी टिकत नाहीत."

"आजोबा, पिक्चर आहे तो," नात म्हणाली.

आज पहाटे आम्ही घरचे मोहफुलं वेचाले गेलो. अंधारच होता. फुलं टपटप पडून राहिली होती. वासानं डोकं हलकं झालं. दूर दूर झाडाखाली एकेकाचा टॉर्च चांदणीसारखा दिसे. मले वाटलं, पाय जमिनीवर नाहीतच, मी वरतीच कुठंतरी तरंगून राहिलो.

आमच्यात मधून मधून हाक मारतात, सगळ्याईनं ओ द्यायची. आज वहिनीची ओ आली नाही.

मोहावर अस्वल येते. टोपल्या तिथंच टाकल्या अन् डबे बडवत सगळेच गेलो. वहिनी झाडाले चिकटून उभी, समोर अस्वल फुलं खाऊन राहिलं होतं. आमचा कल्ला ऐकून ते पळालं.

"ओ काऊन नाही दिली?" मी ओरडलो.

"दिली असती तर त्यानं मले पाहलं असतं, भाऊजी. अन् नाही दिली तर तुम्ही सगळे येता, हे मले मालूम होतं."

तुमची ओ नाही आली तर कोण येईल? ज्याचं त्यानं पाहावं.