कँटीनचा कम्प्युटर

मुलासाठी मागवलेल्या डेस्कटॉपचं खोकं फोडलं आणि थर्माकोलच्या वासासरशी मी लग्नाआधीच्या, सांगलीतल्या त्या कम्प्युटरच्या दुकानात जाऊन पोचले. तेव्हा मला कम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायला शिकायचं होतं. बंद कम्प्युटरच्या कीबोर्डवर बोटं ठेवून मी दादांकडे बघत होते. माझे वडील, रिटायर सुभेदार. ते म्हणाले, "हितं नगं, पोरी. मिल्ट्रीच्या कँटीनला आला की घिऊ. तिथला माल फसवत न्हाई."

मीही खुशीत मान डोलावली. दादा दर महिन्याला कँटीनमधून साबण, चहापत्ती आणायचे. कम्प्युटरचं विचारलं की म्हणायचे, "अजून न्हाई आला." असं होता होता माझं लग्न होऊन मी कडेगावला आले.

आता दादा माझ्याकडेच असतात, त्यांना फारसं आठवत नाही. आज खोक्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "आला का गं कँटीनला? आता शीक."

"व्हय, दादा," मी म्हणाले आणि थर्माकोलचे तुकडे गोळा करायला लागले.